बदलीचा फॉर्म

मार्चची दहा तारीख, संध्याकाळी सहापर्यंत मुदत.
त्यानंतर संघटनेचा शिक्का कपाटात
आणि ज्याच्या अंगात जो शर्ट, तोच हंगामभर.

मी वसमतच्या मोंढ्यात आडतीवर दिवाणजी.
दिवसा हळदीच्या पट्ट्या लिहितो,
दिवेलागणीला सतरा वर्षांखालच्या पोरांच्या हॉकीचा सचिव.
दोन्हीकडं पेन एकच.

आठ संघांत पाचवे आहोत आम्ही.
सात गुण, दोन सामने बाकी,
आणि नांदेडला चौघंच जाणार.
मारले आठ, खाल्ले अकरा.
आमचा सुभान क्रिकेटचे पॅड बांधून गोलात उभा राहतो,
चेंडू लागला की मान खाली घालून हसतो.
डावीकडून पळणारं कुणीच नाही.
हे सगळं पूर्णेला ठाऊक होतं.

पूर्णेचे हणवते सर दुपारच्या पॅसेंजरनं आले.
त्यांना हवा होता मुंजाजी,
आमचा सेंटर हाफ,
हमाल केरबा ढोणेचा धाकटा.
हळदीच्या थप्पीला टेकून बसलो दोघं.
मी गमतीनं रुमाल पुढं केला, जुन्या चालीचा,
सरांनीही गमतीनं खाली हात घातला
आणि माझं एक बोट दाबलं. म्हणजे एक विंगर.
मी दोन बोटं धरली.
"दुसरं पोर न्हाई देता येत," ते म्हणाले,
"दुसऱ्या बोटाचे पॅड घ्या."
खरे, गोलकीपरचे, हेल्मेटसकट,
रेल्वेच्या क्लबातल्या कपाटातले, एक पट्टा तुटका.
रुमाल काढला तेव्हा
गंमत कुठं संपली होती
ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

बापाची सही लागत होती.
केरबाच्या पाठीवर पोतं होतं, तसंच ऐकून घेतलं त्यानं.
मग थप्पी लावली, हात पुसले,
फॉर्मवरचं पोराचं नाव
एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचलं
आणि खाली स्वतःचं लिहिलं, तेवढंच मोठं.

मुंजाजी तिथंच उभा.
"दिवाणजी, मला कितीला सोडायलात?"
बावीस वर्षं भाव सांगतोय मी,
कांडीचा, गट्ट्याचा, ओल्याचा, सुक्याचा.
सांगितला हाही.
तो जरा वेळ गप्प.
"हेल्मेट बी हाय का?"
हाय म्हटलं.
"मग बरंय. सुभानच्या दाताचं भेव न्हाई आता."

स्टिक क्लबाची, म्हणून त्यानं गल्ल्यावर ठेवली,
दांड्यावर त्यानंच गुंडाळलेली सायकलची ट्यूब.
घेऊन जा म्हणालो.
साठ्याच्या वहीत लिहिलं: एक नग, तुटला.
माझ्या हातची पहिली खोटी नोंद.
सहाला बारा मिनिटं कमी असताना फॉर्म पोचला.

दुसऱ्या दिवशी अबरार उतरला स्टेशनवर,
बूट कॅरीबॅगमध्ये, मैदान कुठंय विचारत.
रुळाकडच्या खडीवर पळत वाढलेलं पोर,
आमच्या मुरमावर त्याला गादीवर पळाल्यासारखं वाटलं.
सेलूला तीन एक हरवलं आम्ही.
सुभाननं दोन छातीवर घेतले
आणि हसला नाही, कारण दुखलंच नाही.

आता राहिलं जिंतूर.
जिंकलो तर चौथे.
बरोबरी झाली तर परभणीनं हरायला पाहिजे,
आणि परभणी हरत नसते.
पट्टीच्या मागं मांडलंय सगळं गणित.
पहिली पूर्णा, तिला कुणी हलवत नाही.
आणि चौथ्याची गाठ पहिल्याशी.
म्हणजे आमचं भलं झालं तर
समोर मधोमध मुंजाजी उभा असणार,
तुटलेल्या नगासकट.

केरबा परवा विचारत होता,
नांदेडला त्यानं कुठल्या बाजूला बसायचं.
मी हिशोबात असल्यासारखं केलं.

सराव चालू आहे.
मधल्या जागेवर दोघांना आलटून पालटून लावतोय.
पण पोरांना सवय,
मागं न बघताच चेंडू तिकडं देतात,
तो कुणाच्याच पायाशी न थांबता
मैदान ओलांडून वाळवणात शिरतो
आणि ज्याला आणायला पाठवावं
तो घोट्यापर्यंत पिवळा होऊन येतो.